दोन स्पीकर, आकडे सारखे, आवाज मात्र वेगळा

50 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, ±3 डेसिबल. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेत निघणारा आवाज, 87 डेसिबल. इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, 8 ओहम. बुकशेल्फ स्पीकरच्या खोक्यावर हे आकडे असतातच, आणि जोडी पंधरा हजारांची असो की दीड लाखाची, आकड्यांत फारसा फरक नसतो. आता असे दोन स्पीकर घ्या आणि दोन्हींवर तोच गायक लावा. एकावर गायक समोर बसून गातोय असं वाटतं, दुसऱ्यावर नाकात गातोय असं. एकावर डग्गा नेमका वाजतो, दुसऱ्यावर नुसताच घुमतो.

यावर दोन ठाम मतं हमखास ऐकू येतात. एका गटाच्या मते मोजमापांना काही अर्थ नाही, कानावर भरवसा ठेवावा. दुसऱ्याच्या मते आकडे सारखे तर आवाज सारखा, उरलेला फरक मनाचा खेळ. मला दोन्ही पटत नाहीत. स्पीकर हे यंत्र आहे. आत वीज जाते, बाहेर हवा हलते आणि हवेच्या त्या हालचालीत जे काही आहे ते मायक्रोफोनला टिपता येतं. दोन स्पीकर खरोखर वेगळे वाजत असतील तर त्यांची मोजमापंही कुठे ना कुठे वेगळी असतातच. पण आपल्या हातात बहुधा एकच मोजमाप दिलेलं असतं आणि तेही आपण डोळ्यांनी वाचतो. फरक असतो तो न दिलेल्या मोजमापांत, किंवा दिलेल्यातल्या अशा जागी जिथे डोळा थांबत नाही.

±3 मध्ये काय काय मावतं

±3 डेसिबल म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज हे दाखवणाऱ्या आलेखाची रेष मधल्या पातळीपासून 3 डेसिबल वर किंवा 3 डेसिबल खाली जाऊ शकते. एकूण पट्टा झाला 6 डेसिबलचा. या पट्ट्यात रेषेने कुठे चढावं आणि कुठे उतरावं, याला कसलंही बंधन नाही.

समजा, पहिला स्पीकर 200 ते 500 हर्ट्झमध्ये 2 डेसिबल वर आहे आणि 3 ते 5 किलोहर्ट्झमध्ये 2 डेसिबल खाली. दुसरा नेमका उलटा. दोघेही ±3 मध्ये आरामात बसतात, पण एकमेकांशी तुलना केली तर दोन्ही टोकांना 4-4 डेसिबलचं अंतर पडतं. पहिला ऊबदार, जाड, थोडा गढूळ वाटेल. दुसरा मोकळा, तरतरीत, आणि तासाभराने कानाला नकोसा. 3 किलोहर्ट्झच्या आसपास तर आपला कान सर्वात तल्लख असतो, कारण कानाची अडीच सेंटिमीटरची नळी स्वतःच त्या भागात घुमते. तिथला 2 डेसिबलचा फरक आणि 15 किलोहर्ट्झवरचा 2 डेसिबलचा फरक कागदावर सारखे दिसतात, कानाला अजिबात नाही.

आलेख छापण्याच्या पद्धतीनेही बरंच झाकलं जातं. उभ्या अक्षावर 100 डेसिबलची पट्टी घेतली की डोंगरसुद्धा सपाट दिसतो. त्यात रेषा गुळगुळीत करून घेतात, म्हणजे शेजारच्या वारंवारतांची सरासरी काढून छापतात. एक-तृतीयांश सप्तकाची सरासरी घेतली तर अरुंद शिखरं आणि खाचा पार पुसल्या जातात. म्हणून आलेख पाहताना आधी पट्टी किती डेसिबलची आहे आणि रेष किती घोटली आहे ते पाहावं, मग आकार.

पण इथे एक गोष्ट आपल्या अंदाजाच्या उलट आहे. आलेखात डोळ्यांना खुपतं ते अरुंद, टोकदार शिखर. कानाला ते बरेचदा कळतही नाही. कानाला खटकतो तो रुंद, बुटका उंचवटा, जो आलेखात ‘जवळजवळ सपाट’ म्हणून सुटतो. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1988 मध्ये अनुनादांवर, म्हणजे रेझोनन्सवर, केलेल्या कामात हे नीट मांडलं आहे: अनुनाद जितका पसरट, तितका तो कमी उंचीलाही ऐकू येतो. कारण साधं आहे. संगीतातले स्वर सतत सरकत असतात. अरुंद शिखरावर एखादा स्वर क्वचित नेमका येऊन बसतो; रुंद उंचवट्यावर मात्र सतत काहीतरी वाजतच असतं.

हे ऐकायला माझ्या मते तानपुऱ्यासारखं दुसरं साधन नाही. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झवर असतो. त्याचे स्वरांश 69च्या पटीत वर वर जातात: 138, 207, 276 असे. जवारी, म्हणजे तारेखाली दोरा सरकवून आणलेली झणझण, नीट लागली असेल तर ही मालिका कितीतरी किलोहर्ट्झपर्यंत जिवंत राहते. जोडाच्या आणि पंचमाच्या तारांचे स्वरांश त्यात मिसळतात. म्हणजे जवळजवळ सगळा श्रवणपट्टा दाट भरून निघतो आणि तोही अखंड, न थांबता. स्पीकरमध्ये 800 हर्ट्झला दीड डेसिबलचा पसरट उंचवटा असेल तर जवारीला ‘आ’ किंवा ‘ऑ’सारखा एक रंग चिकटतो आणि तो जात नाही. दुसऱ्या स्पीकरवर तोच तानपुरा लावला की तो रंग गेलेला किंवा बदललेला लगेच समजतो. संशोधक यासाठी पिंक नॉइज वापरतात, तेही याच कारणाने: त्यात सगळ्या वारंवारता एकदम आणि सतत असतात. एकट्या बासरीवर किंवा व्हायोलिनवर स्पीकरमधले फरक इतके उघडे पडत नाहीत.

समोरचा आवाज आणि भिंतींवरून येणारा आवाज

खोक्यावरचा आलेख बहुतेक वेळा स्पीकरच्या अगदी समोर मायक्रोफोन ठेवून काढलेला असतो, आणि शक्यतो प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत. पण स्पीकर फक्त समोर आवाज फेकत नाही. तो बाजूला, वर, खाली, मागे सगळीकडे फेकतो. तो आवाज भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. दिवाणखान्यात बसून ऐकताना कानावर पडणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा या परावर्तित आवाजाचा असतो. या लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा माझ्या लेखी हाच आहे.

बाजूला जाणारा आवाज कसा ठरतो? ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 344 मीटर. म्हणून 100 हर्ट्झची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर, 1 किलोहर्ट्झची 34 सेंटिमीटर, 10 किलोहर्ट्झची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तरंगलांबी स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूपेक्षा, म्हणजे कोनपेक्षा, बरीच मोठी असेल तर आवाज सगळीकडे सारखा पसरतो. ती कोनच्या व्यासाइतकी झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा पुढेच जायला लागतो आणि बाजूला कमी होतो. साडेसहा इंची वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा, हलणारा कोन साधारण 13 सेंटिमीटरचा असतो. 13 सेंटिमीटरच्या आसपासची तरंगलांबी येते अडीच किलोहर्ट्झला. म्हणजे क्रॉसओव्हर, खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारा सांधा, तिथेच ठेवला तर वूफर झोतात गेलेला असतो. त्यापुढे एक इंची ट्वीटर काम हाती घेतो, आणि तो लहान असल्याने पुन्हा चौफेर पसरवायला लागतो. समोर ठेवलेल्या मायक्रोफोनला यातलं काहीही कळत नाही. क्रॉसओव्हर तिथे रेष सपाट करून देतो. बाजूने मोजलं तर 2 किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा आणि 3-4 किलोहर्ट्झला फुगवटा. हाच फुगवटा बाजूच्या भिंतीवरून तुमच्या कानात येतो, आणि स्पीकर ‘सपाट’ असूनही आवाज कर्कश वाटतो.

दुसऱ्या कंपनीने क्रॉसओव्हर खाली, समजा 1800 हर्ट्झला आणला, किंवा ट्वीटरभोवती उथळ वाटी दिली, जिला वेव्हगाइड म्हणतात, की हा सांधा सफाईने जुळतो. समोरचा आलेख दोन्हींचा तोच. बाजूचा वेगळा. आवाज वेगळा.

कानाची यात स्वतःची भूमिका आहे. थेट आवाजानंतर काही मिलिसेकंदांत येणारं परावर्तन आपल्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही. मेंदू ते थेट आवाजात मिसळून टाकतो आणि आवाज कुठून आला हे मात्र पहिल्या लाटेवरूनच ठरवतो. हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये जर्मनीत हे तपशिलाने तपासलं. त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. भिंतीवरून येणारा आवाज 1.7 मीटर जास्त फिरून आला तर तो सुमारे 5 मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे भिंतीवरचा आवाज ‘ऐकू’ येत नाही, पण त्याचा रंग थेट आवाजाला लागतो.

हे सगळं ऐकणाऱ्यांच्या पसंतीशी पद्धतशीरपणे जोडण्याचं काम कॅनडात झालं. ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले, त्यांच्याकडून गुण घेतले आणि त्याच स्पीकरची सर्व बाजूंनी मोजमापं केली. 1985-86 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणता स्पीकर आहे हे माहीत नसेल तर लोकांची मतं आश्चर्य वाटावं इतकी जुळतात. ज्या स्पीकरचा समोरचा आलेख सपाट आणि बाजूचे आलेखही त्याच्याशी मिळतेजुळते, गुळगुळीत उतरणारे, तो वर राहतो. पुढे टूल स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत गेले. तिथे ऑलिव्ह यांनी 2004 मध्ये 70 स्पीकरांच्या मोजमापांवरून पसंतीचा अंदाज बांधणारं सूत्र मांडलं. त्याचा प्रत्यक्ष गुणांशी सहसंबंध 0.86 निघाला (1 म्हणजे तंतोतंत जुळणं). मोजमापांतून काही कळत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा. मात्र ही मोजमापं खोक्यावरच्या एका ओळीची नव्हेत. स्पीकर आडवा आणि उभा फिरवत दर 10 अंशांवर मोजायचा, अशा एकूण 70 आलेखांतून हे चित्र तयार होतं. त्याला आता स्पिनोरामा म्हणतात. हा शब्द ज्या परीक्षणात दिसेल ते आधी वाचावं.

घरी मायक्रोफोन घेऊन मोजणारे आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सोफ्यावर मायक्रोफोन ठेवून काढलेला आलेख हा थेट आणि परावर्तित आवाजाची बेरीज असतो. मायक्रोफोनला त्या दोन्हींत भेद करता येत नाही, कानाला बऱ्याच अंशी येतो. एका स्पीकरचा ट्रेबल समोर सपाट आणि बाजूला भरपूर. दुसऱ्याचा बाजूला कमी, म्हणून कंपनीने समोर चढवून ठेवलेला. खोलीतली बेरीज दोन्हींची सारखी येऊ शकते. ऐकताना दुसरा स्पीकर समोरून टोचतो आणि खोली मात्र मंद वाटते. म्हणूनच ॲपने किंवा इक्वलायझरने दोन स्पीकरांची खोलीतली रेष हुबेहूब जुळवली तरी ते सारखे वाजत नाहीत. इक्वलायझर स्पीकरमधून निघणारा सगळाच आवाज एकदम बदलतो. समोर किती आणि बाजूला किती, हे प्रमाण त्याच्या हातात नसतं.

उभ्या दिशेला तर आणखी गंमत आहे. वूफर आणि ट्वीटर एकावर एक असतात. त्यांच्या केंद्रांत समजा 16 सेंटिमीटरचं अंतर आहे आणि क्रॉसओव्हर अडीच किलोहर्ट्झला. त्या वारंवारतेवर दोघेही वाजत असतात. कान ट्वीटरच्या बरोबरीने असेल तर दोन्ही लाटा एकत्र पोचतील अशी रचना केलेली असते. कान वर गेला की वूफरची लाट मागे पडते. सुमारे 25 अंश वर गेलं की ती अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे जवळपास 7 सेंटिमीटरने मागे पडते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात. सोफ्यावर, दोन मीटरवर बसणाऱ्याला हा कोन गाठायला जवळपास उभंच राहावं लागेल. पण कॉम्प्युटरच्या टेबलावर स्पीकर थेट लाकडावर ठेवले असतील आणि कान एक मीटरवर असेल, तर हातभर उंचीच्या फरकाने तुम्ही त्या खड्ड्यात बसलेले असता. अडीच किलोहर्ट्झ म्हणजे शब्दोच्चारांची स्पष्टता. ती गेली की लोक ‘या स्पीकरवर आवाज मागे जातो’ म्हणतात. क्रॉसओव्हर वेगळ्या उताराचा असेल तर हा खड्डा वेगळ्या कोनात पडतो, कधी वर, कधी खाली. मागच्या बाजूने स्पीकर थोडा कलता केला किंवा खाली दोन जाड पुस्तकं ठेवली तर फरक जागेवर कळतो. आणि शोकेसमध्ये मावत नाही म्हणून स्पीकर आडवा ठेवला, तर हाच उभा दोष आडवा होतो: सोफ्याच्या प्रत्येक जागेवर वेगळा आवाज.

आपल्या खोल्या

सुमारे 300 हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचंच राज्य चालतं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बसेल ती वारंवारता तिथे घुमते. बारा फुटांच्या, म्हणजे 3.66 मीटरच्या लांबीला ती येते 47 हर्ट्झ. दहा फुटांच्या रुंदीला 56 हर्ट्झ. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या बेडरूमला छतही दहा फुटांच्या जवळ असेल तर तिथेही 56च. दोन घुमारे एकावर एक चढतात. भिंतीला टेकून बसणाऱ्याला हा बास सर्वात जोरात ऐकू येतो, खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला जवळजवळ नाहीच.

त्यात आपल्या भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, खाली टाइल्स. अमेरिकेतल्या घरांच्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती खालच्या स्वरांना थोड्या हलतात आणि बास शोषतात. आपल्या हलत नाहीत, म्हणून घुमारा जास्त टिकतो. तिकडच्या परीक्षकाने ‘बास नेमका आहे’ असं लिहिलेला स्पीकर इथे घुमतो तेव्हा परीक्षकाने चुकीचं लिहिलेलं नसतं.

याचा एक परिणाम लोकांना पटायला जड जातो. 60 हर्ट्झला थांबणारा स्पीकर आपल्या छोट्या खोलीत 40 हर्ट्झपर्यंत जाणाऱ्यापेक्षा स्वच्छ वाटू शकतो, कारण 47 आणि 56 हर्ट्झचे घुमारे तो फारसे जागेच करत नाही. डग्ग्यावरचा घिस्सा, म्हणजे हात घासत वर नेलेला स्वर, लावून पाहा. मोठ्या स्पीकरवर तो वर सरकताना एखाद्या ठिकाणी अचानक फुगतो, छोट्यावर एकसारखा जातो. तोच मोठा स्पीकर मोठ्या हॉलमध्ये नेला तर निकाल उलटा लागेल.

सारख्या आकड्यांचे स्पीकर एकाच जागी ठेवूनही भिंतीचा परिणाम वेगळा होतो. मागे जाणारी लाट भिंतीवरून परत येते आणि पुढच्या लाटेला एका वारंवारतेवर खोडते. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून 45 सेंटिमीटरवर असेल तर हा खड्डा 191 हर्ट्झच्या आसपास पडतो, 60 सेंटिमीटरवर असेल तर 143च्या. म्हणजे मागे सारखीच 25 सेंटिमीटर जागा सोडली, पण एक कॅबिनेट 20 सेंटिमीटर खोल आणि दुसरं 35, तर पुरुषी आवाजाच्या ऐन छातीतला भाग दोघांवर वेगळा वाजणार.

बासचा उतारही पाहायला हवा, फक्त तो कुठे सुरू होतो एवढंच पाहून भागत नाही. बंद पेटीचा स्पीकर 60 हर्ट्झखाली सप्तकाला सुमारे 12 डेसिबलने उतरतो, पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेसाठी भोक असलेला, 24 डेसिबलने. दोघांच्या खोक्यावर 60 हर्ट्झच लिहिलेलं असेल. 30 हर्ट्झवर मात्र त्यांच्यात 12 डेसिबलचं अंतर असतं. शिवाय जितका उतार तीव्र, तितका तो बास थांबायला जास्त वेळ लावतो. यामाहाचा एनएस-10 हा स्पीकर 1978 मध्ये घरगुती वापरासाठी आला आणि पुढे जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. पांढऱ्या कोनची ती काळी पेटी जुन्या स्टुडिओंच्या फोटोंत हमखास दिसते. त्याचा आलेख सपाट नव्हता. मधल्या पट्ट्यात चांगला उंचवटा होता आणि बास लवकर संपायचा. 2001 मध्ये फिलिप न्यूवेल आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाचे कीथ हॉलंड यांनी तीसहून अधिक स्टुडिओ स्पीकरांशी त्याची तुलना केली. बंद पेटीच्या या स्पीकरचा बास इतरांपेक्षा फार लवकर थांबतो, हे त्यात ठळकपणे दिसलं. ढोलकीचा किंवा किक ड्रमचा ठोका केव्हा संपला हे ज्याला नेमकं ऐकायचं आहे, त्याला हे उपयोगी पडतं. वारंवारतेचा नुसता आलेख पाहून ही निवड कुणालाही कळली नसती.

ॲम्प, आणि व्हॉल्यूम चढवल्यावर

‘8 ओहम’ हा ढोबळ आकडा आहे. तोच स्पीकर एका वारंवारतेला 5 ओहम असतो, दुसरीला 25. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पला याचं काही वाटत नाही, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स नगण्य असतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा 2 ओहम असू शकतो. मग 5 ओहमच्या जागी जवळपास 3 डेसिबल घटतात, 25च्या जागी एकाहून कमी, आणि स्पीकरच्या सपाट रेषेत सव्वादोन डेसिबलची लाट तयार होते. व्हॉल्व्ह ॲम्पवर स्पीकर ‘खुलतो’ असं म्हणतात त्यात पुष्कळदा हे गणित असतं. दोन स्पीकरांचे इम्पिडन्सचे वक्र वेगळे असतील तर त्याच ॲम्पवर ते वेगळ्या रीतीने बदलतात.

सेन्सिटिव्हिटी आणि आलेख मोजतात 1 वॅटच्या आसपास. लग्नघरात कुणी 1 वॅटवर ऐकत नाही. आवाज चढवला की व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 100 अंशांनी कॉइल तापली तर 3 डेसिबलच्या जवळपास आवाज गळू शकतो. वूफर आणि ट्वीटर सारखे तापत नाहीत, त्यामुळे सूरही बदलतो. शिवाय लहान कोनला तितकाच बास द्यायला जास्त मागे-पुढे जावं लागतं; वारंवारता निम्मी झाली की ही हालचाल चौपट होते. त्याच कोनवर गायकाचा आवाजही स्वार असतो आणि तो गढूळ होतो. हळू आवाजात जुळे वाटणारे स्पीकर मोठ्या आवाजात इथे वेगळे होतात. जुन्या म्युझिक सिस्टिमवरच्या ‘5000 वॅट पीएमपीओ’ या स्टिकरकडे मात्र लक्षच देऊ नये, ते मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही.

कान आणि डोळे

एक फरक असा आहे जो स्पीकरमध्ये नसून तुलनेत असतो. दोन्हींपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, अगदी 1 डेसिबलनेसुद्धा, तर तो ‘जास्त मोठा’ न वाटता ‘जास्त चांगला’ वाटतो: बास भरीव, तपशील स्पष्ट. खालच्या वारंवारतांना आपला कान कमी आवाजात फार मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजलं होतं. आवाज थोडा वाढला की बास त्याहून जास्त वाढल्यासारखा वाटतो. दुकानात 87 डेसिबलच्या स्पीकरशेजारी 89चा लावून व्हॉल्यूमला हात न लावता तुलना केली, तर तिथे निकाल आधीच लागलेला असतो.

आणि डोळे. टूल आणि ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये तेच स्पीकर त्याच लोकांना एकदा पडद्याआड आणि एकदा उघड ऐकवले. उघड ऐकताना गुण बदलले. मोठ्या, महागड्या दिसणाऱ्या स्पीकरचे वाढले, आणि स्पीकरची जागा बदलल्याने पडणारा खराखुरा फरक लोकांना कमी जाणवायला लागला. हे ऐकणारे ध्वनिक्षेत्रात काम करणारे लोक होते. यातून ‘फरक मनाचाच असतो’ असा अर्थ मी काढत नाही. पडदा असतानाही स्पीकर वेगवेगळेच वाजले होते. फक्त क्रम दुसरा होता.

म्हणून विकत घेण्याआधी ऐकायचंच असेल तर थोडी तयारी करून जावं. फोनवर पिंक नॉइज आणि ध्वनिपातळी दाखवणारं ॲप घ्यावं. ॲपचा आकडा अचूक नसतो, पण त्याच जागी धरून दोन स्पीकरांतला फरक काढायला तो पुरतो. आधी दोन्हींची पातळी जुळवावी. स्पीकर शेजारी-शेजारी ठेवून तुलना करू नये, एक उचलून दुसरा त्याच जागी ठेवायला सांगावं. अर्धा मीटर इकडेतिकडे झालं तरी खोलीचा बास बदलतो. कुठला स्पीकर वाजतोय हे सोबतच्या माणसाने सांगू नये. आणि तुलना जोडीवर करू नये, दोन्हींचा एक-एकच स्पीकर लावून, मोनोमध्ये ऐकावं. स्टीरिओचा पसारा सुरू झाला की आवाजाच्या रंगातले दोष त्यात लपतात, हे टूल यांच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तानपुरा, मग एखादा ओळखीचा भरदार पुरुषी आवाज, मग डग्गा, एवढं पुरे. त्यानंतर थोडं बाजूला सरकून, आणि एकदा उभं राहून, तोच तुकडा पुन्हा ऐकावा. ज्या स्पीकरचा रंग अशा हलण्याने कमी बदलतो, तो घरी नेल्यावर भिंतींशीही कमी भांडेल.